पंप पळत नाही

सोमवार, ६ जानेवारी

वीस वर्षं स्पॅनिश शिकवलं. आता मुलं फोनवर शिकतात, आमचा क्लास बंद पडला, आणि आजपासून मी एका पंपाच्या कारखान्यात भाषांतरकार आहे. आयुष्यात पंपाला हात लावलेला नाही. बिघडलं कुठे? मला पंप दुरुस्त करायचा नाही, त्याच्याबद्दल लिहायचं आहे.

मालकीणबाई साठीच्या. केस आखूड, आवाज त्याहून आखूड. मी बसायच्या आत त्यांनी टेबलावरून एक पिवळा स्टिकर माझ्याकडे सरकवला. "वाचा."

स्पॅनिशमध्ये तीनच शब्द होते. नो कोर्रेर सेको. मला हसू आवरेना.

"काय लिहिलंय?"

"कोरडं असताना पळू नये."

त्या हसल्या नाहीत. मग सगळं सांगितलं. समुद्रापलीकडच्या एका इस्पितळाला यांनी दोन मोठे पंप विकले. पंपात पाणी नसताना तो चालवला तर आतलं सील जळतं, म्हणून पंपावर इंग्रजीत ताकीद असते: डू नॉट रन ड्राय. ती कुणीतरी फोनवरच्या ॲपकडून स्पॅनिश करून घेतली. ॲपनं 'रन'चं सरळ पळणं केलं. इस्पितळातून उत्तर आलं की आमच्याकडे कुणी पळत नाही, हे इस्पितळ आहे, तरीही सूचनेबद्दल आभार. मात्र दोन्ही पंप जळाले आहेत आणि बाळंतिणींच्या मजल्यावर आम्ही बादल्यांनी पाणी नेतो आहोत.

"बदली पंप विमानानं पाठवतोय," मालकीणबाई म्हणाल्या. "त्यांच्याबरोबर माहितीपुस्तक स्पॅनिशमध्ये हवं. नीट. पुन्हा असं झालं तर ते आपल्याकडे परत येणार नाहीत, आणि त्यांनी यावं असं मलाही वाटणार नाही. किती दिवस?"

"आठवडा."

"बघू."

घरी सासूबाईंना सांगितलं. स्पॅनिशमध्ये पंपाला बोंबा म्हणतात हेही सांगितलं. त्या म्हणाल्या, "मग बोंब झाली यात नवल काय?"

ही वही मुद्दाम मराठीत. दिवसभर इंग्रजी आणि स्पॅनिशच्या मध्ये उभं राहायचं, तर संध्याकाळी पाय टेकायला स्वतःची जमीन हवी.

बुधवार, ८ जानेवारी

माहितीपुस्तक चाळलं. जिकडे तिकडे 'रन'. पंप रन होतो, पाणी रन होतं, भिंतीवरून केबल रन होते, बेअरिंग गरम रन होतं, टाकीतलं पाणी रन आउट होतं, आणि शेवटी चाचणीसुद्धा रन करायची असते. लिहिणाऱ्याला एकच क्रियापद सापडलं आणि त्यानं ते बैलासारखं राबवलं.

स्पॅनिशमध्ये प्रत्येकाला वेगळा माणूस कामाला लावावा लागतो. बेअरिंग तापतं ते कालेन्तार्से. पाणी संपतं ते आगोतार्से. केबल भिंतीवरून जाते ते पासार. पाणी वाहतं ते मात्र कोर्रेर, म्हणजे पाण्याला पळायची परवानगी आहे. पंपाला नाही. पंप एकतर फुन्सिओनार करतो, नाहीतर मार्चार, किंवा साधं घरगुती आन्दार, म्हणजे चालणं.

मला फार गंमत वाटली. इंग्रजांची यंत्रं पळतात. आपली चालतात. स्पॅनिश लोकांचीही चालतात. घड्याळ चालतं, दुकान चालतं, मिक्सर चालतो. रात्री जेवताना मी हे घरात जाहीर केलं. हे म्हणाले, "आपला मिक्सर मात्र चालत नाहीये, गेल्या रविवारपासून."

आजवर एकाही क्रियापदानं मला हरवलेलं नाही. हे तर चार अक्षरीसुद्धा नाही.

शुक्रवार, १० जानेवारी

पुस्तकाचा लेखक सापडला. चाचणी विभागाचे प्रमुख, अठ्ठावन्न वर्षांचे इंजिनिअर. कारखान्यात सगळे त्यांना कानसेन म्हणतात, अगदी तोंडावर. म्हणे पूर्वी फाटकातून आत येतानाच सांगायचे, तिसऱ्या टेबलावरच्या पंपाचं बेअरिंग गेलंय. आणि गेलेलं असायचं. गेजचा काटा हलायच्या आधी यांचा कान हलायचा.

मी प्रश्नांची यादी घेऊन गेले. चाचणी विभाग म्हणजे लांबलचक शेड, दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या, मध्ये पंप घोंघावताहेत, आणि हे एका पंपावर तळहात ठेवून उभे. डोळे मिटलेले. दोनदा हाक मारली. ढिम्म. शेवटी समोर जाऊन उभी राहिले.

"मी भाषांतरकार. तुमच्या 'रन'बद्दल विचारायचं होतं."

"हं. रन."

"प्रत्येक ठिकाणी कोणत्या अर्थानं वापरलाय ते हवं आहे."

ते माझ्या तोंडाकडे एकटक बघत होते. मग म्हणाले, "रन म्हणजे रन. लिहून द्या, बघतो."

असा राग आला म्हणून सांगू! स्वतःच्या इंग्रजीवर भारी प्रेम दिसतंय. लिहून दिलं. दुपारी कागद परत आला, एकेका प्रश्नापुढे सुवाच्य अक्षरात नेमकं उत्तर. म्हणजे माणसाला येतं सगळं. तोंडानं सांगायचं जिवावर येतं.

सासूबाईंना म्हटलं, ते बोलताना सारखं माझ्या ओठांकडेच बघतात. त्या म्हणाल्या, "लिपस्टिक कमी लाव."

मंगळवार, १४ जानेवारी

निम्मं झालं. भाषा छान वाहते आहे. मालकीणबाईंनी डोकावून विचारलं, होईल ना? म्हटलं, आताच झालं असं समजा. त्या म्हणाल्या, "बघू." त्यांचं हे 'बघू' मला आता आवडायला लागलंय.

कानसेन फोन उचलत नाहीत. टेबलावर वाजत असतो आणि हे शेजारी बसून गेजचे आकडे लिहीत असतात. शेवटी पलीकडच्या टेबलावरचं कुणीतरी उठून येतं. संस्थानिकसुद्धा असा नसेल.

गुरुवार, १६ जानेवारी

आज एका वाक्यापाशी अडले. पान नऊ. पंप बसवण्याची कृती आहे. आधी सांगतात, मोटर क्षणभर रन करून ती योग्य दिशेनं फिरते का पाहा. ठीक. लगेच पुढचं वाक्य: आत येणारा पाइप जोडण्याआधी 'लेट इट रन' दहा मिनिटं.

हे 'इट' कोण? इंग्रजीचं बरं असतं, सगळ्या जगाला एकच सर्वनाम. स्पॅनिश विचारल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही, तो की ती. मराठीत तर तिघे हजर आहेत: मोटर ती, पंप तो, पाणी ते. मागच्या वाक्यात मोटर आहे, म्हणून मोटर म्हणावं, तर ती पंपाला जोडलेलीच येते, ती फिरली की पंप फिरणार. पाणी म्हणावं, तर त्या वाक्यात पाण्याचा पत्ता नाही.

लिहून विचारायला हवं होतं, पण त्यांच्या त्या लेखी दरबाराचा मला कंटाळा आला होता. तशीच शेडमध्ये गेले. दोन पंप चालू होते.

"पान नऊ," मी ओरडले. "पाइप जोडण्याआधी पंप चालू ठेवायचा का? दहा मिनिटं?"

"हो हो," कानसेन म्हणाले. "दहा मिनिटं. कमी नको."

"पण पाइप नाही म्हणजे पाणी नाही. कोरडा चालतो?"

"थोडा नाही," ते जरा चिडूनच म्हणाले. "पूर्ण दहा मिनिटं."

मी 'कोरडा' विचारतेय आणि हे 'थोडा'ची गोष्ट करताहेत. प्रश्नाला बगल देण्याची ही तऱ्हा! तिसऱ्यांदा विचारायचं माझ्या जिवावर आलं.

परत येऊन बराच वेळ बसून राहिले. बाहेर स्टिकरवर लिहायचं कोरडा चालवू नका, आणि आत लिहायचं दहा मिनिटं चालवा? पण ज्यानं पंप बनवला, ज्यानं वाक्य लिहिलं, त्याला समोर उभं राहून विचारलंय. त्याहून मोठा कोश कुठला? कदाचित थंड पंपाला दहा मिनिटं चालत असेल. मी इंजिनिअर नाही.

पंप चालू ठेवा असंच लिहिलं. फुन्सिओनार.

मंगळवार, २१ जानेवारी

छापून आलं. निळं मुखपृष्ठ, सुबक अक्षर, आत एकही चुकीचं स्वरचिन्ह नाही. सुरुवातीला आठवडा म्हटलं होतं, दोन लागले, पण मालकीणबाईंनी पुस्तक उलटसुलट करून पाहिलं आणि 'बघू'ऐवजी "बरं झालंय" म्हणाल्या. पंपांबरोबर खोक्यात भरून रवाना.

आता बाकीच्या मशीनची पुस्तकं करायची आहेत. नोकरी पक्की. यांनी मिक्सर दुरुस्त करून आणला. एकूण दिवस चांगला.

शुक्रवार, ३१ जानेवारी

आज आगीची रंगीत तालीम होती. भोंगा असा कर्कश की दातांत कळ आली. सगळे अंगणात रांगेत, मालकीणबाई हातात घड्याळ धरून. एक माणूस कमी. आत पाहिलं तर कानसेन खुर्चीत बसून शांतपणे आकडे लिहिताहेत. कुणीतरी जाऊन खांद्याला हात लावून आणलं. मालकीणबाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "खरी आग असती तर?"

"ती कळली असती," ते म्हणाले आणि हसले. बाकीचे हसले. मला नाही हसू आलं. नियम सगळ्यांना, यांना नाही.

घरी हे रंगवून सांगितलं. सासूबाई शेंगा सोलत होत्या. त्यांचा हात थांबला. "भोंगा वाजला तरी उठले नाहीत?"

"नाही ना."

"आणि तू म्हणतेस माजोरडे आहेत."

"मग काय?"

"काही नाही," म्हणाल्या आणि शेंगा सोलायला लागल्या. सासूबाईंना परक्या पुरुषांबद्दल फार लवकर दया येते.

बुधवार, १२ फेब्रुवारी

आजचं आजच लिहून ठेवते.

दुपारी माल चढवायच्या उतारावर उभी होते. कानसेन खाली वाकून एका खोक्यावरचा क्रमांक तपासत होते, माझ्याकडे पाठ. वर पंपांनी भरलेली ट्रॉली होती. तिचा अडसर निसटला. मी ओरडले, "बाजूला व्हा!" त्यांनी मान वळवली नाही. पुन्हा ओरडले, पार घसा फाटेपर्यंत. ट्रॉलीची लोखंडी चाकं खडखडत येत होती. तो आवाज तर मेलेल्यालाही ऐकू गेला असता. मी धावले, शर्ट धरून त्यांना ओढलं. शर्टाचा खिसा फाटला. ट्रॉली खोक्यावर आदळली आणि खोक्याचा भुगा झाला.

ते आधी फाटक्या खिशाकडे रागानं बघत होते. मग मागे वळून खोक्याकडे पाहिलं आणि पांढरेफटक पडले.

मी त्यांच्या अगदी समोर उभी होते. काय मनात आलं कोण जाणे, मी आवाज न काढता, नुसते ओठ हलवून विचारलं, "तुम्हाला ऐकू येत नाही का?"

"येतं की," ते म्हणाले.

म्हणाले आणि माझ्या चेहऱ्यावरून त्यांच्या लक्षात आलं. खाली बसले, तिथेच, उतारावर.

आणि मला त्यांची कीव यायच्या आधी पान नऊ आठवलं. हो हो, दहा मिनिटं. थोडा नाही, पूर्ण.

खिशातून कागद काढला. लिहिलं: पान नऊ. पाइप जोडण्याआधी दहा मिनिटं काय चालू द्यायचं? मोटर, पंप की पाणी? त्यांनी चष्मा लावून वाचलं आणि माझ्या पेननं लिहिलं, 'पाणी.' खाली अजून एक ओळ: 'टाकीचं पाणी पाइपमधून बाहेर सोडायचं, आतली वाळू, गंज निघून जाण्यासाठी. पंप तेव्हा बंद. का?'

मी त्यांना निळ्या पुस्तकातलं पान दाखवलं आणि तिथे काय छापलंय ते सांगितलं. त्यांनी तळहातानं तोंड दाबलं. मग म्हणाले, "मी तुम्हाला हो म्हणालो होतो."

"म्हणालात."

"मला वाटलं तुम्ही पाण्याबद्दलच विचारताय. दुसरं विचारण्यासारखं तिथे काही नव्हतंच."

तिकडे पंप कस्टममध्ये तीन आठवडे अडकून आता पोचले होते. उद्या बसवणार असं कालच कळवलेलं. मी उठले. त्यांनी माझी बाही धरली. "मालकीणबाईंना कानाचं सांगू नका. चाचणी विभागाचा माणूस आणि... मी सांगेन. मला सांगू द्या."

मी मालकीणबाईंकडे जाऊन एवढंच म्हटलं की पान नऊवर माझ्या हातून चूक झाली आहे, पंप पुन्हा जळू शकतो. त्यांनी एकदा डोळे मिटून उघडले. फोन लावला. तिकडे कुणी उचलेना. मी मोठ्या अक्षरात मेल पाठवली: आम्ही बोलेपर्यंत काहीही सुरू करू नका. आता उत्तराची वाट बघायची. आठ वाजले आहेत. सासूबाईंनी न विचारता गरम पाणी आणून दिलं, घसा बसलाय म्हणून.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

उत्तर पहाटे आलेलं होतं. 'थांबलो आहोत. तुमचा फोन येईपर्यंत हात लावणार नाही.' सकाळी मालकीणबाईंच्या खोलीत तिघं जमलो. मी, त्या आणि कानसेन, नव्या शर्टात. फोन टेबलाच्या मधोमध, स्पीकरवर.

तिकडे त्यांच्या देखभाल विभागाची मुख्य इंजिनिअर होती. आवाजावरून तिशीतली, दमलेली. म्हणाली, पान नऊ वाचून आम्हीही बुचकळ्यात पडलो होतो. पंप कोरडा चालवू नका म्हणता आणि चालवाही म्हणता. मी म्हटलं, चालवू नका. पाइप सोडा आणि पाणी पळू द्या. पाण्याला कोर्रेर म्हणताना इतकं बरं मला कधी वाटलं नव्हतं.

पाणी बादल्यांत पडल्याचा आवाज येत राहिला. ती सांगत होती, काळं येतंय, वाळू येतेय, गंजाचे पापुद्रे येताहेत. मी मराठीत सांगत होते. दहा मिनिटांनी म्हणाली, स्वच्छ. पाइप जोडला, पंप पाण्यानं भरला, बटण दाबलं.

आवाज आला. मला बरा वाटेना, पण मला काय कळतंय?

तिकडची म्हणाली, "हा आवाज बरोबर आहे का? बंद करू का?"

मालकीणबाईंनी स्पीकर बंद केला, फोन उचलला आणि कानसेनांच्या हातात दिला. "ऐका. तुमच्याइतकं कुणाला कळणार?"

त्यांनी फोन कानाला लावला. मी त्यांच्याकडे बघत होते. काही न ऐकता 'ठीक आहे' म्हणून टाकायला किती सोपं होतं! आजवर ते हेच करत आले असणार. तिकडे पंप चालू होता आणि आत काय जळत होतं ते एका माणसाशिवाय कुणाला कळणार नव्हतं, आणि त्या माणसाला ते ऐकू येत नव्हतं.

त्यांनी फोन खाली घेतला.

"मला ऐकू येत नाही," ते म्हणाले. "आत्ताच असं नाही. दोन वर्षं झाली. डावा आधी गेला, मग उजवा."

कानसेन माझ्याकडे वळले, फोन माझ्या हातात दिला आणि एकदम वेगळ्याच आवाजात, कामाच्या, म्हणाले, "तुम्ही ऐका. माझ्याकडे तोंड करून सांगा. कसा आवाज आहे?"

मी फोन कानाला दाबला. "डब्यात खडे घालून हलवल्यासारखा."

"सारखा की मधून मधून?"

"मधून मधून. आणि मध्येच उचकी लागल्यासारखं होतं."

"खडे खरखरतात की खुळखुळतात?"

कुणी मला असा प्रश्न कधी विचारला नव्हता. पण दोन्ही शब्द मला लख्ख माहीत होते. ऐकलं. "खुळखुळतात."

"शाबास. मग सील शाबूत आहे. आत हवा अडकलीय. पंपाच्या डोक्यावर छोटा पितळी स्क्रू आहे, अर्धा फेरा सैल करायला सांगा. आधी फुर्रकन हवा येईल, मग पाणी थुंकल्यासारखं, मग सलग धार. धार आली की घट्ट."

मी स्पॅनिशमध्ये सांगितलं. थुंकल्यासारखं हेसुद्धा सांगितलं. तिकडे कुणीतरी चढलं, पान्याचा आवाज, मग ती हसायला लागली. "अंगावर उडालं. हं, आता धार."

"आता?" कानसेनांनी विचारलं.

"खडे गेले. उचकीपण गेली." मी शब्द शोधत होते. "घुमतोय. एका सुरात. दूर कुणीतरी तोंड मिटून गुणगुणतंय असा."

त्यांनी डोळे मिटले. "बस. चालू ठेवा."

तिकडच्या बाईनं फोन खिशात घालून जिना चढत वरच्या मजल्यावर नेला. दारं उघडल्याचा आवाज, बायकांचं बोलणं, एक बाळ रडत होतं. मग नळ. पाणी आधी खाकरलं आणि मग धो धो यायला लागलं. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मी हे सगळं कानसेनांकडे तोंड करून मराठीत सांगत होते.

फोन ठेवल्यावर मालकीणबाईंनी विचारलं, "दोन वर्षं पंप पास कसे केलेत?"

"गेजनं. आणि हातानं." त्यांनी टेबलावर तळहात पालथा ठेवला. "हात अजून चांगला आहे."

"जे दोन जळाले ते?"

"ते ठणठणीत गेले होते. स्टिकरनं जळाले."

"हे खरं आहे," मी म्हटलं. मला कुणी विचारलं नव्हतं.

मालकीणबाई खिडकीशी गेल्या. "मला आधी सांगितलं असतं तर काय केलं असतं मी? हाकललं असतं?"

त्यांची पाठ होती. कानसेनांना काहीच कळलं नाही. मी त्यांच्याकडे बघून पुन्हा म्हटलं, जसंच्या तसं.

"हाकललं नसतंत," ते म्हणाले. "पण लोकांनी कानसेन म्हणायचं सोडलं असतं."

मालकीणबाई वळल्या, टेबलाला वळसा घालून त्यांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या. एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "सोमवारी डॉक्टरकडे. मी येणार बरोबर. आणि चाचणीला आजपासून दोन माणसं. बाकीचं नंतर बघू."

रविवार, १६ फेब्रुवारी

सासूबाई म्हणाल्या, "मला त्या भोंग्याच्या दिवशीच कळलं होतं."

"मग सांगितलं का नाहीत?"

"तू ऐकण्याच्या मनःस्थितीत कुठे होतीस?"

दोन दिवस मनाला तेच खातंय. क्लासमध्ये वीस वर्षं सांगत आले, समोरच्यानं मान हलवली म्हणजे त्याला कळलं असं धरू नका. उलट विचारा, काय कळलं ते सांग. आणि स्वतःवर वेळ आली तेव्हा एका 'हो'वर पान छापलं. मला ते हो सोयीचं होतं. दुसरं असं की त्यांना मी माजोरडे म्हणत होते. तोंडावर म्हटलं नाही, घरी आणि वहीतच म्हटलं, पण म्हटलंच.

असो. पान नऊ सुधारून पाठवलंय. आता ते वाक्य असं आहे की दगडालाही कळेल कोण वाहतंय आणि कोण थांबलंय.

सोमवार, ३ मार्च

कानसेनांना दोन्ही कानांत यंत्रं बसली. तांदळाच्या दाण्याएवढी असतील अशी माझी कल्पना होती. चांगली शेंगदाण्याएवढी आहेत. त्यांना पहिल्या दिवसापासून सगळ्याचा त्रास होतोय. कागद फार कर्कश वाजतो म्हणाले. पंखा बंद करा. तुमच्या बांगड्या काढून ठेवा.

आज आम्ही दोघं कागद घेऊन बसलो. मालकीणबाईंनी पुस्तक नव्यानं करायला सांगितलंय, आणि यावेळी एक नवं प्रकरण: पंपाचे आवाज. कोणता आवाज आला म्हणजे काय बिघडलंय. माझी अट अशी की आधी मराठीत लिहायचं, मी त्यावरून स्पॅनिश करीन, इंग्रजीचं इंग्रजी बघेल. त्यांनी मान्य केलं. एकेक पंप लावायचा, ते मला विचारणार, कसा ऐकू येतो, मी सांगणार, मग ते यंत्रातून ऐकून ताडून बघणार. म्हणतात यंत्रातून सगळे पंप पत्र्याचे वाटतात, कान पुन्हा पहिलीत घालावा लागणार. खरखर, घरघर, गुरगुर, कुरकुर, किणकिण. एका दुपारभरात मी बारा शब्द स्पॅनिशमध्ये उतरवले आणि तीन ठिकाणी एका शब्दाला आख्खं वाक्य लागलं. मी मालकीणबाईंना सांगितलंय, महिन्यात पुस्तक तयार. होईलच.

चार वाजता पंप बंद केले, तेव्हा विचारलं, "घरी माहीत होतं का?"

"मी कुणाला सांगितलं नव्हतं."

"बायकोलाही?"

ते चष्मा पुसत बसले. "परवा यंत्र घालून घरी गेलो. ती स्वयंपाकघरात होती, मी बाहेर. म्हणाली, आलात का? मला ऐकू आलं. मी हो म्हटलं. ती बाहेर आली आणि रडायला लागली. तिला सगळं माहीत होतं. पहिल्यापासून. म्हणून दोन वर्षं ती काहीही सांगायचं असलं की हातातलं काम टाकून माझ्या समोर येऊन उभी राहायची. माझ्या तोंडाकडे बघून, हळूहळू बोलायची. दूध संपलंय हेसुद्धा." चष्मा डोळ्यांवर चढवला. "आणि मला वाटत होतं, या वयात तिचं प्रेम वाढलंय."

"दोन्ही असेल," मी म्हटलं.

त्यांनी उजव्या कानातलं यंत्र बोटानं नीट बसवलं आणि माझ्याकडे झुकले.

"परत म्हणा," ते म्हणाले.